विश्लेषण : पुस्तक म्हणते ‘झटपट’, मग एक लढाई दीड तास का चालते? खेळाच्या नियमांचा वेग कसा ओळखावा?

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारचे मैदानी खेळ आपोआप बंद होतात आणि घरोघरी पत्ते, कॅरम, सापशिडी बाहेर येते. आता त्यात टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचे ‘भूमिकाखेळ’ही येऊ लागले आहेत. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या ठिकाणी चार-पाच मित्र जमले आणि हाती तीन तासांची दुपार असली, तर पहिला प्रश्न ‘कथा कशी आहे’ हा नसतो. ‘तीन तासांत काही घडेल का’ हा असतो. बहुतेक खेळांच्या वेष्टनावर ‘सोपे आणि वेगवान नियम’ असे छापलेले असते. ते खरे आहे की नाही, हे खेळण्याआधी कळते का?

हा खेळ नेमका काय?

या खेळात पट असलाच पाहिजे असे नाही. एक जण सूत्रधार होतो. इंग्रजीत त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करणार ते सांगतात आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळापासून मानली जाते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशासोबत चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे हे या खेळाचे वैशिष्ट्य.

कोणता फासा कधी टाकायचा, त्यात किती मिळवायचे आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय, या सगळ्याला मिळून खेळाची यंत्रणा म्हणता येईल. कथा कितीही रंगतदार असली तरी ती पुढे सरकते या यंत्रणेच्याच वेगाने.

वेळ जातो कुठे?

साधा हिशेब करून पाहू. समजा चार खेळाडू आणि एक सूत्रधार आहेत. लढाईच्या प्रसंगात प्रत्येक खेळाडूच्या खेळीला तीन मिनिटे लागतात आणि सूत्रधाराला सगळ्या शत्रूंच्या खेळ्या उरकायला पाच मिनिटे. म्हणजे एक फेरी १७ मिनिटांची झाली. पाच फेऱ्यांत लढाई संपली तर ८५ मिनिटे, जवळपास दीड तास. या वेळात प्रत्येक खेळाडू स्वतः खेळला १५ मिनिटे आणि थांबला ७० मिनिटे. एक खेळी संपल्यापासून पुढची येईपर्यंत त्याला १४ मिनिटे नुसते बसावे लागले.

तीन मिनिटे ही काही फार मोठी वेळ नाही. त्यामुळे खेळणाऱ्याला आपली खेळी लांबली असे वाटतच नाही. वेळ जातो तो बाकीच्यांचा. १४ मिनिटांत मोबाइल हातात येतो, गप्पा दुसरीकडे वळतात आणि खेळी आल्यावर ‘काय झालं होतं, परत सांगा’ असे म्हणावे लागते. मग ती खेळी तीनऐवजी चार मिनिटांची होते. संथ नियम असे स्वतःच आणखी संथ होत जातात. म्हणून खेळाचा वेग मोजायचा तर एका खेळीला किती वेळ लागला एवढे पाहून भागत नाही. ‘माझा नंबर कधी?’ या प्रश्नाला किती वेळाने उत्तर मिळते, ते मोजावे लागते.

विचाराचा वेळ आणि हिशेबाचा वेळ

मात्र सगळा वेळ एकाच जातीचा नसतो. बुद्धिबळ हे त्याचे उत्तम उदाहरण. वर्ध्याच्या शेजारच्याच नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. कोनेरू हम्पीविरुद्धच्या अंतिम लढतीतील पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. दोन्ही प्रकारांत घोडा अडीच घरेच चालतो. बदलले ते फक्त घड्याळ. कारण बुद्धिबळात जो वेळ जातो तो जवळजवळ सगळा विचारात जातो. कोणती खेळी करायची हे ठरले की ती करायला क्षणभर पुरतो.

भूमिकाखेळात तसे नसते. ‘मी दाराआडून बाण सोडतो’ हे ठरवायला दहा सेकंद लागतात. पण मग अंतर किती, अंधाराचे किती गुण वजा, कौशल्याचे किती जमा, शत्रूच्या चिलखताचा आकडा कोणता, हे पाहण्यात दोन मिनिटे जातात. हा हिशेबाचा वेळ. विचाराच्या वेळात टेबलावरच्या सगळ्यांची उत्सुकता वाढते, हिशेबाच्या वेळात ती ओसरते. ‘नियम जलद आहेत’ याचा खरा अर्थ एवढाच, की ते विचाराला हात न लावता हिशेब कमी करतात.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्याच इतिहासात याचा दाखला आहे. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘थॅको’ नावाचा आकडा वापरत. त्यातून शत्रूच्या चिलखताचा आकडा वजा करायचा आणि येईल तेवढे किंवा त्याहून जास्त वीस बाजूंच्या फाशावर पाडायचे. चिलखत जितके चांगले तितका त्याचा आकडा लहान, अगदी शून्याखालीही. थॅको १७ आणि चिलखत ३ असेल तर १४ हवेत. चिलखत उणे २ असेल तर १९. उणे आकडा वजा करायचा म्हणजे मिळवायचा, हे ऐन लढाईत आठवावे लागे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने गणित उलटवले. फाशावर आलेल्या आकड्यात आपले गुण मिळवा आणि शत्रूच्या चिलखताच्या आकड्याशी ताडून पाहा. यशाची शक्यता तीच ठेवता येत होती. कमी झाला तो प्रत्येक हल्ल्यामागचा गोंधळ.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकले. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाका आणि मोठा आकडा घ्या; प्रतिकूल असेल तर लहान घ्या. बारीकसारीक बेरजा-वजाबाक्यांपैकी पुष्कळ या एका नियमाने संपल्या. ५५ टक्के यशाची शक्यता यामुळे सुमारे ८० टक्क्यांवर जाते, पण ते गणित खेळाडूला करावे लागत नाही.

फासे कमी टाकले म्हणजे खेळ जलद?

तसे वाटणे साहजिक आहे, पण ते पुरेसे नाही. एका खेळीला किती वेळ लागला याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा, की त्या खेळीत काही घडले का? काही खेळांत हल्ला करणारा एकदा फासे टाकतो आणि तो यशस्वी झाला तर बचाव करणारा पुन्हा टाकतो. १९७८ सालचा ‘रूनक्वेस्ट’ हा या पद्धतीचा प्रसिद्ध खेळ. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हल्ला लागण्याची शक्यता ६० टक्के आणि बचावाची ५० टक्के असेल, यशस्वी बचावाने हल्ला पूर्ण टळत असेल, तर प्रत्यक्षात १० पैकी तीनच हल्ले लागतात. बचावाचा फासा नसता तर सहा लागले असते. म्हणजे प्रत्येक खेळी कितीही झटकन उरकली, तरी लढाईच्या फेऱ्या दुप्पट झाल्या.

याउलट २०१० सालच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळात सूत्रधार फासे टाकतच नाही. खेळाडू सहा बाजूंचे दोन फासे टाकतो. बेरीज १० किंवा जास्त आली तर मनासारखे होते, ७ ते ९ आली तर काम होते पण काहीतरी किंमत मोजावी लागते आणि ६ किंवा कमी आली तर सूत्रधार संकट पुढे आणतो. गुणांची भर न घालता पाहिले, तर ३६ पैकी १५ वेळा संकट, १५ वेळा किंमत देऊन यश आणि ६ वेळा निर्भेळ यश, अशी विभागणी होते. ‘काहीच झाले नाही’ हा निकाल जवळपास उरतच नाही. एकाच फेकीत दोन्ही बाजूंचे काय झाले ते कळते.

सापशिडी याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे खेळी पाच सेकंदांत होते, हिशेबही नसतो आणि विचारही नसतो. तरीही शेवटच्या घरांपाशी सापाने गिळले की डाव किती लांबेल ते सांगता येत नाही. खेळीचा वेग आणि डावाची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्याच तपासायला हव्यात.

हुतूतूचा ‘दम’ काय शिकवतो?

नियमांतून वेग आणण्याचे महाराष्ट्राला सर्वांत जवळचे उदाहरण टेबलावरचे नाही, मातीतले आहे. जुन्या हुतूतूत चढाई किती वेळ चालायची हे घड्याळ ठरवत नसे, चढाई करणाऱ्याचा दम ठरवत असे. ‘हुतूतूतू’ म्हणत श्वास टिकेल तितकाच वेळ. पंचाला वेगळे काही मोजावे लागत नव्हते, कारण वेळेचे बंधन खेळण्याच्या कृतीतच होते. उत्तम यंत्रणा अशी असते. तिथे नियम आठवावा लागत नाही, खेळता खेळता तो आपोआप पाळला जातो.

पुढे चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. पण ३० सेकंद पूर्ण वापरून रिकाम्या हाताने परतणे हीसुद्धा एक चाल होऊ शकते, आणि सामन्याचा रंग त्याने उतरतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये यावर उपाय आहे. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’; तीत गुण मिळाला नाही तर चढाई करणारा बाद. या नियमाने एकही चढाई छोटी केलेली नाही. त्याने रिकाम्या चढायांची साखळी तोडली. भूमिकाखेळाची यंत्रणा पारखताना हाच प्रश्न विचारायचा : लागोपाठ किती खेळ्या रिकाम्या जाऊ शकतात?

प्रश्न दोनशे वर्षे जुना

नियम अचूक हवेत की वेगवान, हा वाद भूमिकाखेळांच्या आधीचा आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ‘क्रीगश्पील’ नावाचा युद्धखेळ खेळला जाई. त्याचे १८२४ साली प्रसिद्ध झालेले नियम राइसविट्स या तोफखान्याच्या अधिकाऱ्याचे. नकाशा, ठोकळे, फासे आणि हानी किती झाली ते सांगणारे तक्ते, असा तो खेळ होता. खेळ वास्तवाला धरून होता, पण तक्त्यांच्या ओझ्याने संथही होता. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने दुसरी वाट सुचवली : तक्ते बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाने निकाल द्यावा. खेळ वेगवान झाला, पण सगळी भिस्त पंचाच्या अनुभवावर आणि निष्पक्षपणावर आली.

आजही निवड याच दोन टोकांमध्ये आहे. कमी नियमांचा खेळ जलद वाटतो तेव्हा तो वेग नियमांचा आहे की सूत्रधाराच्या हुशारीचा, हे वेगळे काढून पाहावे लागते. सूत्रधार बदलला आणि खेळ रखडला, तर श्रेय नियमांचे नव्हतेच.

चाचणी कशी घ्यावी?

पुस्तक वाचून वेग कळत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी नई तालीम पुढे आली, तिचा गाभा हातांनी काम करत शिकणे हा होता. टकळी कशी फिरते हे वाचून सूत निघत नाही. नियमांचेही तसेच आहे. वाचताना डोळा ओळीवरून सहज पुढे जातो. खेळताना त्याच ओळीवर चार माणसे अडतात.

क्रिकेटनेही हेच केले. दोन षटकांमधला वेळ ६० सेकंदांवर आणणारे ‘स्टॉप क्लॉक’ आयसीसीने डिसेंबर २०२३ पासून पुरुषांच्या मर्यादित षटकांच्या सामन्यांत आधी प्रायोगिक तत्त्वावर वापरले आणि मग जून २०२४ पासून कायम केले. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचा मसुदाही २०१२ पासून खेळाडूंसाठी खुला करून तपासून घेतला गेला होता.

घरच्या टेबलावर अशी चाचणी तासाभरात होते. त्यासाठी पूर्ण कथा लागत नाही. एक लढाई किंवा एक पाठलाग पुरतो. पात्रे आधीच तयार ठेवावीत, कारण पात्र बनवण्याचा वेळ हा वेगळा हिशेब आहे. न खेळणाऱ्या एकाने मोबाइलवरचे स्टॉपवॉच धरावे आणि वेळ चार रकान्यांत लिहावा : निर्णय घेण्यात किती गेला, फासे आणि बेरजेत किती, पुस्तक चाळण्यात किती, प्रसंग सांगण्यात किती. पहिली फेरी सोडून द्यावी, ती शिकण्यात जाते. दुसरी आणि तिसरी फेरी मोजावी. तिसऱ्या फेरीतही पुस्तक उघडावे लागत असेल, तर तो नियम लक्षात राहण्याजोगा नाही असे समजावे.

मग दोन बदल करून पुन्हा खेळावे. पहिला, शत्रूंची संख्या दुप्पट करावी. तीन शत्रूंशी चपळ वाटणारे पुष्कळ नियम सहा शत्रूंपुढे बसकण मारतात. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा, टेबलावर एक पूर्ण नवखा आणावा आणि ज्याला नियम पाठ आहेत त्याने तोंड उघडू नये. जाणकारांच्या टेबलावर कोणताही खेळ जलदच चालतो. हीच चाचणी मोबाइल ॲपच्या मदतीशिवाय एकदा आणि मदतीने एकदा घ्यावी. फासे आणि बेरीज ॲपवर सोपवली की नियमांचा संथपणा झाकला जातो, पण बॅटरी संपली की तो पुन्हा उघडा पडतो.

पैसे खर्च करण्याआधीही हे करता येते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. ते मोफत उतरवून घेता येतात आणि त्यांवर आधारित साहित्य कोणत्याही भाषेत तयार करता येते.

मराठी टेबलावरचा अडसर

परदेशी परीक्षणांत न दिसणारा एक रकाना मराठी टेबलाला स्वतःहून जोडावा लागतो : भाषांतराचा. नियमपुस्तके बहुधा इंग्रजीत असतात. शंका आली की पुस्तक उघडायचे, परिच्छेद शोधायचा, वाचायचा आणि मग चौघांना मराठीत समजावायचा. परीक्षणात जो नियम ३० सेकंदांचा असतो, तो इथे दोन मिनिटांचा होतो.

यात केवळ वेळ जात नाही. ज्याचे इंग्रजी सरस तो टेबलाचा मालक होतो. नियम तोच शोधतो, अर्थ तोच लावतो, वादात शेवटचा शब्दही त्याचाच. मराठी शाळेत शिकलेला, कल्पनेत कुणालाही हार न जाणारा मुलगा किंवा मुलगी ‘मला काही कळत नाही’ म्हणून दुसऱ्या दुपारी येतच नाही. संथ नियमांचा पहिला बळी नेहमी नवखाच असतो आणि अशा टेबलावर नवखा कोण असणार हे पुष्कळदा भाषेने आधीच ठरवलेले असते. चार जणांच्या मंडळीतून एक गळाला की लहान गावात त्याच्या जागी दुसरा मिळणे सोपे नसते.

यावर उपाय महाग नाही. लढाईत लागणारे नियम एका पानावर मराठीत लिहून प्रत्येकापुढे ठेवावेत : हल्ला, बचाव, घाव, माघार. एका पानात मावत नसतील तर तोही चाचणीचा एक निकालच समजावा. पाचव्या आवृत्तीत राक्षसांच्या घावांचा सरासरी आकडा फाशांच्या सोबतच छापलेला असतो. सूत्रधाराने दर वेळी फासे न टाकता तोच वापरला तर त्याच्या पाच मिनिटांतले बरेचसे वाचते.

जलद म्हणजेच चांगला का?

नाही. डावपेच आखण्यात ज्यांना रस आहे त्यांना तपशिलाचे नियम हवेच असतात आणि त्यासाठी ते आनंदाने वेळ देतात. एखाद्या पात्राचा जीव टांगणीला लागला असताना पाच मिनिटांचा विचार कुणालाच खटकत नाही. किंबहुना तीच पाच मिनिटे पुढे कित्येक दिवस आठवतात. वेगाच्या नादात निर्णयच कापून टाकले, तर उरते ती सापशिडी.

म्हणून नुसते एकूण मिनिटांकडे पाहून खेळ नापास करणे चुकीचे ठरेल. रकाने पाहावेत. निर्णय आणि प्रसंग यांत निम्म्याहून जास्त वेळ जात असेल, तर लढाई तासभर चालली तरी खेळ चांगला चालला आहे. बेरीज, पुस्तक आणि भाषांतर यांत निम्म्याहून जास्त जात असेल, तर अर्ध्या तासाची लढाईही लांबलीच म्हणायची. वेष्टनावरच्या ‘झटपट’ या शब्दापेक्षा तीन फेऱ्या आणि एक स्टॉपवॉच अधिक भरवशाचे. ते स्टॉपवॉच प्रत्येकाच्या खिशात असते आणि नवखा माणूस प्रत्येक वस्तीत मिळतो. त्यालाच आधी खेळायला बसवावे.